दुसऱ्याचा हात

पौषात रामनगरच्या उन्हाला वाळत्या पेंढ्याचा वास असतो. शाळेच्या मागच्या पडवीत चार वाजता तो वास आणि सुपात पसरलेल्या भाताच्या कोंड्याचा धुरळा एकमेकांत मिसळतात, आणि कुणी मिसरूड फुटलेली, कुणी दोन वेण्या घातलेली अशी सहा मोठी मुलं त्या कोंड्यात बोट फिरवत, अक्षराचा उच्चार मोठ्याने करत, अक्षरं गिरवू लागतात. कागदावर डोळ्यांपुढे जागा बदलणारं अक्षर बोटाखाली जरा स्थिर राहतं. सोमवारी तीन जोडाक्षरं जमतात. गुरुवारी त्यांतलं एक उरतं. मी सूप हलवते, कोंडा सपाट होतो, पुन्हा पहिल्यापासून. दोन वर्षं हेच चाललं आहे. अलीकडे सूप उचलतानाच खांदे भरून येतात.

माझं बालपण पत्रकांत गेलं. वडील बेळगावहून चळवळीची पत्रकं छापून आणत आणि त्यांच्या घड्या घालण्याचं काम माझ्याकडे असे. ओल्या शाईने बोटं काळी होत, आणि उद्गारचिन्हांनी संपणारी ती वाक्यं नकळत अंगात मुरत. ज्याच्या वतीने दुसरा कुणी लिहितो, त्याचा तो लिहिणारा मालक होतो, हे मी तिथेच शिकले आणि तीच श्रद्धा घेऊन इथे शिकवायला आले.

सुगंधा या सहांतलीच; अणशीकडच्या वाडीतली, इथे मामाकडे राहून शिकणारी, यंदा दहावीला. वर्गात तिला सर्रास मठ्ठ म्हणत, आणि त्या शब्दाचा मला इतका संताप येई की तो खोटा पाडणं हेच माझं काम होऊन बसलं. जूनमध्ये मुख्याध्यापकांनी माझ्या हाती एक अर्ज दिला होता. वाचन-लेखनात अडचण असल्याचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र मिळालं, तर परीक्षेत जादा वेळ मिळतो आणि उत्तरं उतरवून घ्यायला खालच्या वर्गातली मुलगी बसवता येते. मी तिच्या आईला ठासून सांगितलं, सुगंधाला कुणाच्या हाताची गरज पडणार नाही, परीक्षेपर्यंत ती स्वतः लिहील. आई एवढंच म्हणाली, "तुम्ही म्हंता तर व्हय." त्या होकारात किती भार होता, ते मला तेव्हा कळलं नाही. अर्ज माझ्या फायलीत राहिला.

सराव परीक्षेत सुगंधाने तीन तासांत दीड पान लिहिलं. बाकीची मुलं गेल्यावर तो पेपर घेऊन ती पडवीत माझ्यासमोर बसली.

"अक्का, आई म्हंती कसला तरी अर्ज हाय. कुठं हाय त्यो?"

मी तिला माझं तत्त्व समजावू लागले. स्वतःचं उत्तर स्वतःच्याच हाताने, वगैरे. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"आमच्या भाताच्या रोपणीला अख्खी वाडी येती. आम्ही बी त्यांच्या रोपणीला जातोय. मग भात कुणाचं? वाडीचं व्हय?"

मी कोंड्याचं सूप बाजूला सारलं.

"आमचंच न्हवं? पाणी कधी सोडायचं, रोप कुठलं लावायचं, समदं बाबा सांगतोय. हात तेवढे लोकांचे." आणि मग हसून, "तुमच्याकडं कोण रोपणीला आलंच न्हाई वाटतं कधी."

इतक्या पत्रकांच्या घड्या घातल्या, पण हे त्यांतल्या एकातही नव्हतं. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने आम्ही दोघी कारवारला गेलो. दवाखान्याच्या लांब ओसरीत दुपारपर्यंत बसलो; समुद्रावरून खारट, दमट वारा येत होता, आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून ती मुलगी अगदी निर्धास्त झोपली होती. तिची तपासणी झाली, कागद वर गेले. मुख्याध्यापक म्हणाले, "उशीर केलात बाई. बघू." प्रमाणपत्र अजून आलेलं नाही. ते न आल्यास पुन्हा ते दीड पानच तिच्या वाट्याला येईल, आणि तो दोष माझा असेल.

तरी सवय हवी म्हणून आता तासाच्या शेवटी नववीतली रेखा लिहायला बसते आणि सुगंधा सांगते. काल प्रश्न मातीच्या धुपेचा होता. पुस्तकातली चार कारणं तिने भराभर संपवली आणि तिथून ती डोंगरउतारावर शिरली: कुठलं झाड पडलं की कुठला ओहोळ गढूळ होतो, कुठल्या गवताची मुळं बांध धरून ठेवतात, पाणी कुठे वळवलं की माती वाचते. वाक्यामागून वाक्य, एकही अडखळ नाही. दोन वर्षं मी तिला वाचायला लावत होते. तिला काय माहीत आहे, हे एकदाही विचारलं नव्हतं.

"आगं दम घे की बाई!" रेखा ओरडली. "बोटं मोडली माझी."

पेन मी घेतलं. ओळ तिरकी गेली, एक शब्द सुटला, मी मान वर केली.

"सावकाश लिवा अक्का," सुगंधा म्हणाली. "मी हाय हितंच."