मथुराबाईचा हिस्सा

बऱ्हाणपूरच्या राजपुऱ्यातल्या त्या दुमजली घरात मथुराबाई सून म्हणून आली, तेव्हा खाली कलाबत्तूचं काम जोरात चालायचं. रेशमावर सोन्याची तार चढवायची आणि फेट्यांसाठी, झुलींसाठी ती संस्थानांच्या दरबारांना पाठवायची, हा घरचा धंदा. थोरले दीर शालिग्राम गिऱ्हाईक सांभाळायचे, नवरा गिरधर कारागीर. वर दोघी जावांची एकच चूल. थोरली मालूबाई लाटायची, मथुराबाई भाजायची. थोरल्या दिरांसमोर पदर पुढे ओढायचा आणि बोलायचं नाही, ही रीत. काही सांगायचंच झालं तर जिजीच्या, म्हणजे मालूबाईच्या, तोंडून.

गिरधर विषमज्वरानं गेला. पदरी मूल नव्हतं. मग संस्थानं विलीन झाली, दरबार भरायचे थांबले आणि सोन्याच्या तारेला कुणी विचारेना. कारागीर गावातल्याच लालबागच्या गिरणीत लागले. शालिग्रामनी घर गहाण टाकून कापडाचं दुकान काढायचं ठरवलं. त्या कागदावर मथुराबाईचाही अंगठा लागणार होता.

तेवढ्यात तिचा भाऊ कौतिक माहेराहून, डोईफोडियाहून आला. म्हणाला, "अंगठा देजो नको. विधवेले नवऱ्याचा हिस्सा भेटतो, कायदाच आहे तसा. पहिले दोन खोल्या नावावर करून घे."

तिनं जिजीला सांगितलं, जिजीनं नवऱ्याला. उलट निरोप आला, "आम्ही तुला कधी परकी समजलो का?" कौतिकनं वकील गाठला. घरात चुली दोन झाल्या.

दिवाणी कोर्टात वकिलानं विचारलं, "वाटणी तुम्हालाच पाहिजे ना?"

"हो," मथुराबाई म्हणाली.

समोर बसलेल्या शालिग्रामनी मान वर केली. इतक्या वर्षांत भावजयीचा आवाज त्यांनी आज पहिल्यांदा ऐकला होता. पदराआडून तिला त्यांची नजर कळली. लाज वाटायला हवी होती. वाटली नाही.

निकाल तिच्या बाजूनं लागला. कोर्टाचा माणूस टेप घेऊन घर मोजून गेला. जिना एक, मोरी एक, दर्शनी बाजू अरुंद. घराचे दोन भाग पडत नाहीत, असं त्यानं लिहून दिलं. कोर्टानं हुकूम केला की घर विकावं आणि येईल ते वाटून घ्यावं.

"पण मी तर खोल्या मागितल्या होत्या," ती वकिलाला म्हणाली.

"खोल्या तोडून देता येत नाहीत, बाई. म्हणून विक्री. थोरल्यांना तुमचा हिस्सा विकत घ्यायची मुभा आहे. घेतात का बघू."

शालिग्रामपाशी हिस्सा विकत घेण्याइतका पैसा उरला नव्हता.

लिलाव दारातच झाला. आधी डफ वाजला, मग कोर्टाच्या अमिनानं कागद वाचला. दोघी जावा वर आपापल्या चुलीपाशी बसल्या होत्या. खालून बोली ऐकू येत होती. मालूबाई भाकरी थापत राहिली. मथुराबाईनं डाळ निवडायला घेतली होती. निवडून झाल्यावर तिनं तीच डाळ पुन्हा सुपात ओतली.

"कोणी घेतलं?" मालूबाईनं विचारलं. कितीतरी महिन्यांनी ती या बाजूला बोलली होती.

"सिंधकडून आलेले आहेत म्हणे. कपड्याचे व्यापारी."

"बालबच्चे असतील त्यांचे."

"असतील."

ताबा द्यायच्या दिवशी बैलगाडीत सामान चढलं. अमीन कुलूप घेऊन उभा होता. शालिग्राम दाराकडे पाठ करून ओट्यावर बसले होते. ते बसल्या जागेवरून, पहिल्यांदाच सरळ तिच्याशी बोलले, "मथुरा, कुलूप तूच लाव. माझ्यानं होत नाही."

तिनं दार ओढून घेतलं, कुलूप लावलं आणि किल्ली अमिनाच्या हातावर ठेवली. रडू येईल म्हणून ती जरा थांबली. शेजारणी बघत होत्या. रडू आलं नाही, तशी ती गाडीत चढली.

कौतिकच्या घरी तिचं मन लागेना. नेपानगरला तेव्हा कागदाची मिल उभी राहत होती आणि परगावची माणसं जेवणाला मोताद होती. हिस्सा हाती आल्यावर तिनं तिथं दोन खोल्या घेतल्या आणि खानावळ सुरू केली. खोल्या अखेर नावावर झाल्या, असं कौतिक कौतुकानं सांगायचा. ती ऐकून घ्यायची.

शालिग्राम गेल्याचा निरोप आला, तेव्हा तिथं पंगत बसली होती. पंगत उठवून ती बऱ्हाणपूरला गेली. मालूबाई लेकाच्या भाड्याच्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. मथुराबाई तिच्याशेजारी जाऊन बसली.

"मी आलीच नसती कोर्टात तर…" मथुराबाईनं सुरुवात केली.

"तर घर गहाणात गेलं असतं," मालूबाई म्हणाली. "दुकान चालणारं नव्हतं. त्यांना कळत होतं ते."

कधीकाळी हे ऐकून मथुराबाईला बरं वाटलं असतं.

तेराव्यानंतर लेकाच्या संमतीनं मालूबाई तिच्यासोबत नेपानगरला आली, चार दिवसांसाठी म्हणून. मग राहिलीच. मिलवरचा एक फिटर जेवता जेवता म्हणाला, "बाई, ह्या नव्या कोण?"

"माझी जाऊ आहे," मथुराबाई म्हणाली आणि त्याच्या ताटात वरण वाढून पुढच्या माणसाकडे गेली.