सगळ्यांनी फिकट घालायचं

देवाने जगाला रंग दिले तेव्हा आपल्याला विचारलं नाही, एवढी एकच तक्रार माझ्या सासऱ्यांची, म्हणजे अप्पांची, देवाबद्दल आहे. माणसांबद्दल मात्र भरपूर आहेत. डोंबिवलीच्या एका कापड रंगवण्याच्या कारखान्यात त्यांनी पस्तीस वर्षं शेड जुळवल्या. गिऱ्हाइकाने पाठवलेल्या चिंधीशी ताग्याचा रंग तंतोतंत जुळला की ते सही करून 'पास' म्हणायचे. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी पास-नापास चालूच आहे. भाजीवाल्याची वांगी नापास होतात. दुकानातली साडी ते आधी फुटपाथवर उन्हात नेतात आणि दुकानदार घाबरून मागे धावतो. आमच्या सोसायटीच्या दोन विंगांचा रंग वेगळा लागलाय असं ते एकटेच म्हणत होते. शेवटी कंटाळून पेंटरने डबे तपासले, तर ते खरंच दोन वेगळ्या नंबरांचे निघाले. त्या दिवशी अप्पांनी पेढे वाटले.

सासूबाईंच्या पंचाहत्तरीला फॅमिली फोटोशूट करायचं ठरलं आणि माझ्या मुलीने ग्रुपवर टाकलं, "सगळ्यांनी पेस्टल घाला." तिला वाटलं, विषय संपला. अप्पांनी खाली लिहिलं, "मला दाखवल्याशिवाय कोणीही काहीही घालू नये." आम्ही कपड्यांचे फोटो पाठवले. "फोनमधला रंग खोटा. कपडे घेऊन या." मग कल्याणहून दीर-जाऊ तीन मुलांसह पिशव्या भरून आले, आणि सकाळी दहा ते अकरा, गॅलरीतल्या उजेडात, परीक्षा झाली. माझ्या नवऱ्याचा लाडका हिरवा शर्ट नापास. "हा हिरवा फार बोलतो." जावेच्या राणी रंगाच्या साडीवरून हात फिरवून म्हणाले, "सुंदर आहे. म्हणूनच नको." माझी मोरपिशी पैठणी तर बघताक्षणी कपाटात परत गेली. दीर वैतागले. "अप्पा, फोटो आपल्या घराचा आहे की कारखान्याच्या कॅटलॉगचा?" अप्पांनी त्यांच्या हातात बदामी कुर्ता दिला. तासाभरात आम्ही सगळे साबुदाण्याच्या खिरीच्या रंगाचे झालो होतो.

कपडे आले नव्हते ते फक्त ताईचे. ताई म्हणजे माझी नणंद, भावंडांत सगळ्यात मोठी. ठाण्यात वर्तकनगरला एकटी राहते, शाळेत गणित शिकवते. सोळाव्या वर्षी तिच्या ओठाजवळ पहिला पांढरा डाग दिसला. आता कोड कपाळापासून हातांपर्यंत पसरलंय. डॉक्टर झाले, मलमं झाली, नवस झाले. घरातल्या कुठल्याही समारंभात "मी काढते, तुम्ही उभे राहा" म्हणत कॅमेरा तीच हातात घेते. या वेळी फोटोग्राफर बाहेरचा होता, म्हणून तिला नेमकं शाळेत काम निघालं.

अप्पांनी ते ग्रुपवर वाचलं. दुसऱ्या दिवशी मला बरोबर घेऊन ते वर्तकनगरला गेले आणि एक पुडकं तिच्यासमोर ठेवलं. आत डाळिंबी रंगाची सुती साडी होती आणि सासूबाईंनी गुपचूप शिवून घेतलेला ब्लाऊज.

ताईने तो उलगडला. ती नेहमी मनगटापर्यंत बाह्या घालते. "अप्पा, आखूड आहेत बाह्या."

"हो."

"लोक बघतील."

"अगं, बघण्यासाठीच काढतात फोटो." मग जरा थांबून म्हणाले, "दहा जणांना फिकट केलंय, तुझा एकटीचा गडद उठून दिसावा म्हणून. तूच आली नाहीस तर ते दहाही जण आजारी दिसतील."

ताई हसली. हसता हसता आत निघून गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. चहा मीच केला.

फोटोच्या दिवशी बाळकुमच्या स्टुडिओत ती आली, डाळिंबी साडीत, आखूड बाह्यांत, सासूबाईंच्या शेजारी मधोमध बसली. फोटोग्राफर भला माणूस होता. अप्पांजवळ येऊन हळूच म्हणाला, "काका, मॅडमच्या स्किनचा टोन मी एडिटिंगमध्ये एकसारखा करून देतो, काही टेन्शन नाही." हळूच म्हणाला, तरी आम्हा सगळ्यांना ऐकू गेलं. अप्पांचा चेहरा तापला. ते तोंड उघडणार इतक्यात ताईच बोलली, वर्गात बोलते तशी, स्वच्छ. "नको. हा रंग माझ्या वडिलांनी पास केलाय."

अप्पा वळले आणि दिरांची कॉलर नीट करू लागले. कॉलर नीटच होती. तरी ते ती खूप वेळ नीट करत राहिले.

मोठी फ्रेम आमच्या डोंबिवलीच्या घरी लागायची होती, पण ती ताईने मागून घेतली. आता अप्पा दर रविवारी दुखरे गुडघे घेऊन वर्तकनगरला जातात. फ्रेमवर ऊन पडत नाही ना, ते बघायला जातो म्हणतात. परवा मी बरोबर होते. खालच्या वॉचमनने सहज विचारलं, "काका, दर रविवारी येता, काही विशेष?"

"वर माझ्या मुलीचा फोटो लावलाय," अप्पा म्हणाले आणि कठड्याला धरून एकेक पायरी चढू लागले.

फोटोत आम्ही अकरा जण आहोत.