तारा आणखी खाली घे

वैशालीवहिनींचा फोन आला तेव्हा दुपारचे सव्वातीन झाले होते. मी तो उचलला नाही. धायरीतल्या घराच्या पार्किंगमध्ये माझं छोटंसं वर्कशॉप आहे. तिथे बाकावर फोन थरथरत पुढे सरकत होता आणि मी हातात पॉलिश पेपर धरून त्याच्याकडे नुसता बघत उभा होतो. वहिनी दुपारी कधी फोन करत नाहीत... फोन थांबला, पुन्हा वाजला. मी उचलत नाही तोवर त्यांचा नवरा, माझा मित्र मधुकर जिवंत आहे, असं काहीतरी खुळ्यासारखं डोक्यात होतं. तिसऱ्यांदा उचलला. "भाऊजी, गेले हो," एवढंच त्या म्हणाल्या. त्याला आता सात आठवडे झाले.

मधुकर आणि मी एकाच कारखान्यात एकतीस वर्षं काढली. मी टूलरूममध्ये, तो इन्स्पेक्शनला, म्हणजे मी करायचं आणि त्यानं नापास करायचं. मी घडवलेला जॉब हातात घ्यायचा, मायक्रोमीटर लावायचा आणि माझ्याकडे न बघता म्हणायचा, "छान आहे. पेपरवेट म्हणून वापरता येईल." दोन वर्षं मला हा माणूस आवडत नव्हता. तो विश्रांतवाडीत वस्तीतल्या गायन पार्टीत गिटार वाजवायचा. एकदा जयंतीच्या कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी त्याच्या गिटारची खुंटी तुटली आणि तो चक्क माझ्याकडे आला. मी लेथवर पितळेची खुंटी करून दिली. तीही त्यानं मोजली, आणि पहिल्यांदा हसला. पुढे आमच्या मुलांची लग्नं होऊन मुलं परगावी गेली, तरी महिन्यातून दोन रविवार मी बस बदलत अख्खं शहर ओलांडून त्याच्याकडे जात राहिलो.

निवृत्त झाल्यावर त्याला वहिनींना घेऊन रेल्वेनं देश बघायचा होता. त्यासाठी त्यानं एक छोटी ट्रॅव्हल गिटार घेतली, बर्थवर उशाशी मावेल एवढी. ती घेऊन माझ्याकडे आला तो तक्रारींची यादी घेऊनच. उजवा हात टेकतो तिथे काठ बोचतो. बसल्यावर मांडीवरून घसरते. शिवाय, "हा रंग बघ, शाळेच्या बाकासारखा." आम्ही तो सगळा उन्हाळा त्या गिटारमागे घालवला. काठ उतरवण्याआधी मी आतून लाकडाची पट्टी चिकटवली आणि मग कोपरापुढचा भाग बसेल असा उतार कानसून काढला. पट्टा अडकवायला दोन बटणं बसवली. वहिनींनी जुन्या इरकल साडीचा काठ दुहेरी शिवून पट्टा केला. अंगाला गडद निळा रंग दिला आणि मधल्या भोकाभोवती नारळाच्या करवंटीचे घासून गुळगुळीत केलेले तुकडे बसवले. ते तुकडे बसवायला मला अकरा दिवस लागले. मधुकरनं भिंग लावून पाहिले. "सातवा जरा तिरका आहे," म्हणाला, "पण राहू दे. कुणीतरी हातानं केलंय हे कळायला पाहिजे." कन्याकुमारीपर्यंत ती गिटार एकदाच गेली. तिथला वहिनींनी काढलेला फोटो आहे. वाऱ्यानं त्याचे केस उभे राहिलेत आणि निळी गिटार छातीशी आहे.

तिथून आल्यावर एका रविवारी तो म्हणाला, "तारा खाली घे जरा. दाबायला जड जातायत." मी तारा आणि त्या जिच्यावर दाबतात ती गळ्यावरची पट्टी यांच्यातलं अंतर गेज लावून पाहिलं. जितकं हवं तितकंच होतं. तरी त्याच्या समाधानासाठी तारा खालच्या टोकाला टेकतात त्या घोडीवरची पांढरी हाडाची पट्टी थोडी घासली. महिन्याभरानं पुन्हा तेच. "आणखी खाली घे. आणि तारा पातळ लाव." मी पुन्हा मोजलं. गिटारमध्ये काही चूक नव्हती. मी मान वर करून पाहिलं तर तो माझ्याकडे नाही, स्वतःच्या डाव्या हाताकडे बघत होता. अंगठा आणि तर्जनीमधलं मांस खोल गेलं होतं, चिमटीनं उचलून नेल्यासारखं. मी आणखी पाव मिलिमीटर घासलं.

तपासण्यांना चार महिने गेले. स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसा एकेक करून मरतात, औषध असं नाही, आधी हात, मग जीभ, मग श्वास, असं डॉक्टरांनी सांगितलं. वहिनी रडल्या. मधुकरनं विचारलं, "टॉलरन्स किती?" डॉक्टरांना प्रश्न कळला नाही. मला कळला. मापात किती फरक खपेल, ते कारखान्यात आम्ही असंच विचारायचो. मी बाहेर जाऊन जिन्यात बसलो.

पुढे त्याच्याकडे जाताना बसमध्येच मला घाम फुटायला लागला. आज काय मागेल, याची भीती. कारण त्याची प्रत्येक मागणी म्हणजे आजाराचं पुढचं पाऊल असायची. गिटारचा गळा पातळ कर, म्हणजे मूठ वळत नाही. पट्ट्याला रुंद गादी लाव, म्हणजे खांदा उतरला. मी लाकूड घासत होतो आणि घासताना वाटायचं, मी हे करतोय म्हणूनच ते होतंय... एक रविवार असा आला की वहिनी भाजी आणायला खाली गेल्या होत्या आणि मी त्याला चहा पाजत होतो. घोट श्वासनळीत गेला. डोळे बाहेर आले, ओठ काळे पडले, आवाजच येईना. मी त्याला पुढे वाकवून पाठीवर थापट्या मारत होतो आणि तोंडातून वहिनींना हाक निघत नव्हती. किती वेळ, माहीत नाही. शेवटी खोकला आला. तो मागे टेकला, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि जड झालेल्या जिभेनं म्हणाला, "घाब...रलास?" मी नाही म्हणालो. आणि पुढचे पाच आठवडे त्याच्याकडे गेलो नाही.

हे लिहायला लाज वाटते, पण लिहायला हवं. गुडघा दुखतो, पाहुणे आलेत, प्लंबर यायचाय, सगळी कारणं मी दिली. वहिनी प्रत्येक वेळी "बरं भाऊजी" म्हणायच्या. मग एके दिवशी मधुकरचा मेसेज आला. एका बोटानं टाइप केलेला. "तारा लावायच्यात. ये. घाबरट."

गेलो. तो खिडकीजवळ उशांच्या आधारानं बसला होता, निम्मा उरला होता. डावा हात मांडीवर तसाच पडलेला. शब्द कळायला आता कान जवळ न्यावा लागायचा.

"मला पण वाटते," तो म्हणाला.

"काय?"

"भीती. दुपारी. ही झोपते तेव्हा." थांबून श्वास घेतला. "श्वास मोजत बसतो. पुढचा येईल का... वाजवली की मोजावं लागत नाही."

मी त्याचा हात धरला. "मी नाही म्हणालो ते खोटं होतं," मी म्हणालो. "मी त्या दिवशी फार घाबरलो होतो रे."

"दिसत होतं," मधुकर म्हणाला.

त्या दिवशी मी सहाही तारा अशा सैल करून लावल्या की डावा हात न लावताच त्यांचा एक सूर जुळावा. नुसता अंगठा वरून खाली फिरवला की पुरे. गिटार त्याच्या कुशीत उशीला टेकवून पट्ट्यानं खुर्चीला बांधली. त्यानं अंगठा फिरवला. सूर बराच वेळ खोलीत राहिला. तो विरेपर्यंत त्यानं डोळे मिटले आणि मग पुन्हा फिरवला. त्यानंतर मी एकही रविवार चुकवला नाही. भीती गेली म्हणून नव्हे, ती घेऊनच जायचो. असे नऊ रविवार मिळाले.

त्याच्या पुण्यानुमोदनाच्या शोकसभेला गर्दी होती, वहिनींशी बोलता आलं नाही. गेल्या आठवड्यात भेटायला गेलो. दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात असताना वरून तोच सूर आला. खरं सांगतो, मी कठडा धरून उभा राहिलो. पुन्हा आला. परत फिरावं असं वाटलं. मग वर गेलो आणि बेल वाजवली. वहिनींनी दार उघडलं, खांद्यावर इरकलीचा पट्टा होता आणि चेहरा ओशाळला होता.

"मला काही येत नाही हो," त्या म्हणाल्या. "पण दुपारी घर खायला उठतं. खूप भीती वाटते. मग घेऊन बसते."

मी म्हणालो, "वहिनी, तारा फार सैल आहेत. नीट लावून देऊ का? शिकायला बरं पडेल."

त्यांनी जरा विचार केला, गिटारच्या पातळ केलेल्या गळ्यावरून बोटं फिरवली. "नको," म्हणाल्या. "अशी आहे म्हणून तर वाजते माझ्याकडून. बसा तुम्ही. चहा मग करते."

त्या खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या. मी समोर बसलो. त्यांनी अंगठा फिरवला आणि तो सूर पुरता विरल्यावर पुन्हा फिरवला.