वाळूखालची नगरी, कपाटातला वाचक

एसटी स्टँडवरच्या काचेच्या खोलीत बसून रावसाहेब निकाळज्यांनी हयातभर गाड्या पुकारल्या, पण त्यातल्या एकीत बसून हिंडायला काही ते गेले नाहीत. निवृत्तीनंतर त्यांचा भारदस्त आवाज कादंबऱ्या वाचून रेकॉर्ड करण्याच्या कामी आला. धायरीच्या फ्लॅटमधलं भिंतीतलं कपाट रिकामं करून, आतून गाद्या ठोकून त्यांनी स्टुडिओ बनवला.

सध्याची कादंबरी वाळवंटात गडप झालेल्या नगरीच्या शोधाची होती. काल तिचा नायक वाळूखालच्या भुयारात अडकला आणि रावसाहेब "वाचवा, दार उघडा" असं इतकं जीव तोडून ओरडले, की इंदुबाईंनी धावत येऊन कपाट उघडलं. रेकॉर्डिंग वाया गेलं. रावसाहेबांनी बायकोची खरडपट्टी काढली आणि दारावर पाटी लावली : "आतून किंकाळ्या आल्या तरी दार उघडू नये. वाचक मेल्यास स्वतः कळवील."

आज तोच प्रसंग वाचून ते उठले, तर दाराचा खटका सरकेना. मध्येच वाजतो म्हणून फोन बाहेर ठेवलेला. गाद्यांच्या उबेनं अंगाला घामाच्या धारा लागल्या. त्यांनी दोन्ही हातांनी दार बडवलं.

"इंदू, दार उघड. अगं, मी खरंच अडकलोय."

बाहेर पावलं थांबली. इंदुबाई शेजारच्या नम्रताला शांतपणे सांगत होत्या, "आज कालच्यापेक्षा बरं वाचतायत. नायिकेचं नाव इंदू दिसतंय. चल, आपण चहा घेऊ."