सांध्यावरचा माणूस

तमाम जनतेस अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, गेल्या महिन्यात नगर जिल्ह्यातला एक ओव्हरसियर वारला. या महान आपत्तीनिमित्त कुठलीही कचेरी बंद राहिली नाही, कुठलाही झेंडा खाली आला नाही आणि टेबलावरचा एकही कागद जागचा हलला नाही. मला बातमी जामखेडच्या स्टँडवर कळली. सांगणाऱ्याने आधी चहा मागवला, अर्धा कप संपवला आणि मग म्हणाला, "तुमचे वामनराव गेले की हो."

दुष्काळी कामावर मी हजेरी कारकून होतो आणि वामनराव आमचे ओव्हरसियर. मजूर त्यांना रावसाहेब म्हणत. खर्ड्याच्या अलीकडे माळावर पाझर तलावाचा बांध घालायचा होता. तीन गावांच्या तीन टोळ्या आणि तीन मुकादम: तुळशीराम, हरिबा आणि सोनाबाई. सोनाबाई म्हणजे नवऱ्यामागे ऊसतोडीची टोळी चालवलेली बाई; तिच्या एका हाकेला माती वाहणारी गाढवंसुद्धा जागच्या जागी थांबत. बांधाचे तीन तुकडे तिघांना वाटून दिलेले. प्रत्येकाने आपला तुकडा धुमसाने, म्हणजे माती दाबायच्या जड ठोकळ्याने, असा ठोकून काढला होता की वर पंगत बसवावी. मात्र दर दोन तुकड्यांच्या सांध्याचा हातभर पट्टा भुसभुशीत. तो कोणाचाच नव्हता. हरिबाने साफ सांगितलं, "तुळशीरामाच्या हद्दीत माझा धुमस पडनार न्हाई." पाणी आलं की तिथूनच बांध फुटणार हे वामनरावांना दिसत होतं, आणि बांधाखाली चाळीसेक घरांची वस्ती होती.

त्यांनी उपदेश केला नाही. त्यांना तो जमतही नसे. चार माणसांपुढे उभे राहिले की डोक्यावरची टोपी काढून तिच्या आत बघत बसायचे, जणू पुढचं वाक्य तिथे लिहून ठेवलंय. एका सोमवारी सकाळी त्यांनी मुकादमांची अदलाबदल केली. सोनाबाईची टोळी तुळशीरामाकडे, तुळशीरामाची हरिबाकडे, हरिबाची सोनाबाईकडे. आठ दिवसांसाठी. काय तमाशा झाला म्हणता! हरिबाची माणसं बाईच्या हाताखाली काम करेनात. पाट्या पालथ्या घालून उन्हात बसली. सोनाबाईने त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. स्वतः धुमस उचलला आणि दुपारपर्यंत एकटी ठोकत राहिली. मग एकेक जण लाजत उठला. तिसऱ्या दिवशी तुळशीराम तणतणत रावसाहेबांकडे आला. सोनाबाईची माणसं मातीचा थर वीतभरच टाकतात म्हणून तो घट्ट बसतो, हे त्याला इतके दिवस कोणी सांगितलंच नव्हतं. वामनराव टोपीत बघत म्हणाले, "तुम्ही विचारलं असतं का?"

आठ दिवसांनी मुकादम आपापल्या टोळीत परतले, पण दुपारी कामावर वाटली जाणारी सुकडी तिघं एकाच बाभळीखाली खाऊ लागले. प्रत्येक सांध्याला दोन्ही बाजूंनी पायऱ्या कापल्या, एकाची माती दुसऱ्याच्या मातीत गुंतवली आणि दोन टोळ्यांचे धुमस एका तालात पडले. पुढच्या पावसाळ्यात तलाव भरला. एकाही सांध्यातून थेंब पाझरला नाही. खालच्या वस्तीतल्या बायकांनी येऊन नारळ फोडला.

आणि त्यानंतर तपासणी आली. हजेरीपटावर आठ दिवस मुकादमांच्या नावापुढे भलत्याच टोळ्या! अक्षर माझं होतं, पण कारकुनाला कोण विचारतो? वामनरावांनीही हुकूम आपलाच म्हणून सांगितलं. मी गप्प बसलो, हेही इथे लिहायला हवं... खोट्या हजेरीच्या संशयावरून ते निलंबित झाले. बांधकामाचे साहेब म्हणत, हजेरी महसुलाची, त्यांनी निकाल द्यावा. महसुलाचे साहेब म्हणत, माणूस बांधकामाचा, त्यांनी द्यावा. दोन्ही कचेऱ्या नगरला एकाच आवारात, मध्ये अंगण आणि एक लिंब. वामनराव महिनोन् महिने त्या लिंबाखाली बसत. मागणं एवढंच, की दोघांनी दहा मिनिटं एकत्र बसावं आणि या माणसाने लबाडी केलेली नाही असं लिहावं. मी एकदा थट्टेने म्हटलं, "रावसाहेब, यांचीही अदलाबदल करून टाका." ते हसले नाहीत. मला म्हणाले, "बाळासाहेब, यांना सांधा दिसतच नाही हो." त्याच लिंबाखाली त्यांना चक्कर आली. तिसऱ्या दिवशी दवाखान्यातच त्यांनी प्राण सोडला. गेले ते निलंबितच.

तेराव्यानंतर तिन्ही गावांनी बांधावरच सभा ठेवली. तुळशीराम आणि हरिबाने मिळून सतरंजी अंथरली. दोन्ही साहेब आले, एकाच जीपमधून. महसुलाच्या साहेबांनी उतरताना बांधकामाच्या साहेबांना हात दिला, दोघांनी मिळून एकच हार वाहिला. मग बांधकामाचे साहेब उभे राहिले आणि दिवंगतांचा सहकार्याचा वारसा दोन्ही खाती हातात हात घालून पुढे नेतील, असं सांगू लागले. माणसं माना खाली घालून ऐकत होती. सोनाबाई पुढेच बसली होती, डोक्यावर पदर घेऊन. ती बहुधा शेजारणीच्या कानात पुटपुटायला गेली असावी. पण तिचा आवाज कधी कानात मावलाय? सगळ्या बांधाला ऐकू गेलं:

"मानूस जित्ता हुता तवा दोघांना मधलं आंगन वलांडवलं न्हाई, आन् मेल्यावर एका जीपमधी मांडीला मांडी लावून आले व्हय."