अक्कांचा पंखा

आम्हा अंगणवाडी सेविकांची महिन्याची बैठक पूर्वी उमरग्यात भरायची. सतरंजीवर गोल बसायचं, सुपरवायझर मॅडम सांगतील ते लिहून घ्यायचं आणि मग डबे उघडायचे. आता ती बैठक मोबाईलवर आली. डबे गेले, आणि चौकोनाचौकोनात एकेकीचं तोंड दिसू लागलं. अक्कांच्या चौकोनात मात्र छताचा पंखा.

अक्का शेजारच्या गावच्या सेविका, आमच्यात सगळ्यांत थोरल्या. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. मॅडमनी नाव पुकारलं तरी पंखा काही बोलायचा नाही. कुणी म्हणालं, झोपत्यात. कुणी म्हणालं, तोरा हाय. तिसऱ्या बैठकीला मॅडम भडकल्या, "पुढच्या वेळी उत्तर आलं नाही, तर मी नोटीस काढणार."

मला मॅडमचा राग आला, पण त्याहून जास्त कुतूहल. आपल्या डब्यातली शेंगाची चटणी आधी दुसरीच्या भाकरीवर घालणारी बाई बोलत का नाही? मी चौकस, सासूच्या भाषेत लई भोचक. रविवारी टमटम धरली आणि गेले.

अक्का ओसरीत पाठमोऱ्या बसून तूरडाळ निवडत होत्या. तीनदा हाक मारली, ढिम्म. खांद्याला हात लावला तशा दचकल्या. हायवेची धूळ म्हणून मी तोंडाला स्कार्फ गुंडाळलेला. मी बोलत सुटले, त्या नुसत्या बघत राहिल्या.

"आधी तोंडावरचं काढ गं बाई," त्या म्हणाल्या.

काढलं, आणि मला एकदम उमगलं. "कधीपासनं, अक्का?"

"झाली पाच-सहा वर्षं. पोरं कानापाशी येऊन बोलत्यात, ते कळतंय. लांबचं न्हाय. कुणाला कळलं तर घरी बसा म्हणतील. म्हणून फोन उताणा ठेवते, तोंड दिसायला नको."

"मग उमरग्यात कसं भागायचं?"

"तुझ्या तोंडाकडं बघून."

अगं आई गं! लिहिताना ऐकलेलं पुटपुटायची मला खोड. त्यापायी शाळेत मार खाल्ला, सासरी बोलणी खाल्ली. अक्का दर बैठकीला बरोबर माझ्यासमोर बसायच्या, दुसरी कुणी बसली तर तिला उठवायच्या. मला वाटायचं, माझ्यावर जीव आहे. जरा लागलंच मनाला. आणि मोबाईलमध्ये ते तोंड हरभऱ्याएवढं, त्यांनी वाचावं तरी कसं?

पुढच्या बैठकीला मी दोन फोन मांडले. एकावर मॅडम. दुसरा लेकीचा, त्यावरून अक्कांच्या सुनेच्या फोनला व्हिडिओ कॉल. मॅडमचा शब्द न् शब्द मी तोंड नीट उघडून पुटपुटत होते.

"ताई, तुमचे ओठ काय हलतायत?" मॅडमनी विचारलंच.

"जप करतेय, मॅडम."

सगळ्या फिदीफिदी हसल्या. मग अक्कांचं नाव आलं. मी ओठ हलवले, 'अक्का, तुम्हालाच. वजनं किती झाली?'

पंखा हलला, भिंत आली, आणि अक्कांचं तोंड आलं. "बावीस पोरांची झाली, मॅडम. दोघं गावाला गेल्यात."

"बरं," म्हणून मॅडमनी पुढचं नाव घेतलं. नोटीस टळली.

बैठक संपली, सगळे चौकोन गेले. दुसरा फोन बंद करायला हात नेला, तर अक्का अजून तिथंच. आवाज न काढता त्या ओठ हलवत होत्या, अगदी सावकाश, मला जमावं म्हणून. दोनदा चुकले, तिसऱ्यांदा वाचता आलं.

"जेवलीस का?"