दोघं आत, एक बाहेर

ट्रकच्या ताडपत्र्या शिवणारे ते गृहस्थ सगळ्यांचे ताडपत्रीकाका होते, आणि ते सहसा वैतागलेलेच असत. तीस वर्षं एकाच मशीनवर बसून जाड कापडाशी झटापट केल्यावर माणूस गोड बोलेल, अशी अपेक्षाही कोणी करत नसे. पण काकांचा खरा वैताग दुकानातला नव्हताच, तो लपणांचा होता.

लपण म्हणजे माणसाने आत बसून जनावर जवळून पाहायचा आडोसा. चार काठ्या, त्यांवर ताडपत्री आणि पुढे डोळ्यांच्या उंचीवर तळहाताएवढी फट. यात काय मोठंसं, असं लोकांना वाटे आणि तिथूनच काकांचं डोकं फिरायला सुरुवात होई. ताडपत्री जुनीच हवी, नवी चकाकते आणि वाऱ्यावर फडफडते. खालच्या काठाला काका परकराला असतो तसा नेफा शिवत आणि त्यात वाळू भरत, म्हणजे कापड जागचं हलत नाही. आतल्या स्टुलाच्या सांध्यांना चिंध्या बांधत, कारण नेमकं जनावर आलं की स्टुलाला कुरकुरायची हुक्की येते. लपण एकदम जवळ न्यायचं नाही. लांब उभारायचं आणि रोज पाच पावलं पुढे सरकवायचं, म्हणजे जनावराच्या ते नजरेच्या सवयीचं होऊन जातं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे आत दोघांनी जायचं आणि थोड्या वेळाने एकाने उघडउघड बाहेर पडून चालू लागायचं. माणूस आला हे जनावर बघतं, गेला हेही बघतं, पण किती आले नि किती गेले, हे ते मोजत बसत नाही.

हे सगळं काका लपण मागायला येणाऱ्या प्रत्येकाला समजावून सांगत आणि प्रत्येक जण मान डोलावून त्याच्या उलट वागे. एका शिक्षकाने चारही बाजूंना खिडक्या मागितल्या होत्या, हवा खेळती राहावी म्हणून. एक नवपरिणीत जोडपं तासभर आत कुजबुजून बाहेर आलं आणि काहीच दिसलं नाही म्हणून काकांवरच रुसलं.

घरातही निराळी तऱ्हा नव्हती. नदीच्या वळणावर एका जुन्या झाडाच्या मुळांखाली पाणमांजरांचं बिऱ्हाड होतं. त्यांच्यासाठी काकांनी एक ताडपत्री महिनाभर नदीच्या चिखलात मुरवली आणि वाळायला गच्चीत टाकली. बायकोने ती सुवासिक साबणाने घासूनपुसून दोरीवर घातली. काका कपाळाला हात लावून बसले. बायको म्हणाली, "अहो, तुमचे शर्ट धुते तेव्हा नाही कधी असं तोंड करत." ताडपत्री पुन्हा चिखलात गेली.

या लपणावर बरंच काही अवलंबून होतं. वळणावर पाटबंधारे खात्याची भिंत होणार होती आणि भिंतीची रेघ बरोबर त्या मुळांवरून जात होती. काकांनी तीन अर्ज केले. तिन्हींना एकच उत्तर आलं, की सदर ठिकाणी पाणमांजरे आढळून आली नाहीत. कशी आढळणार? तपासणीला आलेला माणूस भर दुपारी जीपचा हॉर्न वाजवत आला होता. शेवटी खात्याच्या इंजिनिअरसाहेबांनी एक सवलत दिली. शनिवारी सकाळी ते स्वतः येतील. पाणमांजर डोळ्यांनी दिसलं तर रेघ मुळांच्या मागे सरकेल, नाहीतर सोमवारी खोदाईचं मशीन उतरेल.

शनिवारी साहेब आले ते अत्तराचा घमघमाट घेऊन. अंगात चमचमतं जाकीट, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. काकांनी जाकीट काढायला लावलं, फोन काढून घेतला आणि किल्ल्या बायकोकडे दिल्या. ती चहाचा थर्मास घेऊन वर रस्त्याच्या कठड्यावर बसली होती. मग काकांनी ओला चिखल पुढे केला आणि मानेला चोळा म्हणून सांगितलं. साहेबांनी तो दोन बोटांनी, औषध लावावं तसा लावला.

दोघं आत गेले. नियमाप्रमाणे दहा मिनिटांत काकांनी बाहेर पडायला हवं होतं. पण साहेबांची चुळबुळ पाहून त्यांचा धीर होईना. या माणसाला एकटं सोडलं तर हा शीळ घालायलाही कमी करणार नाही, असं त्यांना वाटलं. म्हणून स्वतःचाच नियम मोडून ते शेजारी बसून राहिले.

साहेबांनी आधी विचारलं, किती वेळ लागेल. मग विचारलं, ती खातात काय. मग त्यांचा गुडघा वाजला. मग त्यांना शिंक आली आणि ती दाबताना शिंकेपेक्षा मोठा आवाज झाला. नदी आपली वाहत होती आणि मुळांपाशी पानसुद्धा हलत नव्हतं. पाऊण तासाने साहेब म्हणाले, "काका, जागा चुकली नसेल ना तुमची?"

तीन महिने रोज पाच पावलं सरकवलेली ती जागा होती. काका उठले. "जागा बरोबर आहे, साहेब. माणसं चुकलीत," एवढं बोलून त्यांनी मागचा पडदा उचलला आणि बाहेर पडले. खडी तुडवत, वाटेतला एक डबा लाथेने उडवत, खात्याचा आणि भिंतीचा उद्धार करत ते थेट रस्त्यावर आले.

बायकोने चहा ओतला. काका एका दमात सगळं बोलून मोकळे झाले. ती ऐकत होती, मग म्हणाली, "आत किती गेला होतात?"

"दोघं."

"आणि बाहेर किती आलात?"

काकांचा कप ओठांपाशीच थांबला. दुसऱ्या क्षणी ते उठले, साहेबांना हलू नका म्हणून सांगायला. बायकोने त्यांची बाही धरली. "बसा खाली. आता परत गेलात तर सगळ्यावर पाणी पडेल." तिने किल्ल्या मुठीत घट्ट धरल्या होत्या, वाजू नयेत म्हणून.

काका नदीकडे पाठ करून बसले. साहेब झोपले असतील, असं ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, घोरत असतील. बायकोने त्यांना आणखी चहा दिला, निदान तोंड बंद राहावं म्हणून.

तासाभराने साहेब लपणातून बाहेर आले, ते रांगत. बरंच अंतर रांगून झाल्यावर कुठे उभे राहिले. पँट मांडीपर्यंत चिखलाने माखली होती. रस्त्यावर येऊन ते काकांच्या कानाशी वाकले. "पाच," ते कुजबुजले. "तीन मोठी, दोन पिल्लं. एकाने तर माझ्यासमोर बसून अख्खा मासा खाल्ला."

"पाच?" काका म्हणाले. "तीन महिन्यांत मला चारच दिसलीत."

साहेबांनी खिशातून नकाशा काढला, जीपच्या बॉनेटवर पसरला आणि पेन्सिलीने भिंतीची रेघ मुळांच्या मागे नेली. सोमवारी मशीन येणार नाही, असं त्यांनी सांगितलं, तेही कुजबुजतच. काकांनी सांगून पाहिलं की साहेब, आता मोठ्याने बोललात तरी चालेल, नदी लांब राहिली. साहेबांनी ओठांवर बोट ठेवलं.

जाता जाता ते म्हणाले, की रेघ का हलवली हे वरचे साहेब विचारतीलच, तेव्हा पुढच्या शनिवारी त्यांनाच घेऊन येतो. "फक्त एक आहे, काका. ते माझ्यासारखे गप्प बसणारे नाहीत."

काकांनी बायकोकडे पाहिलं. ती थर्मासचं झाकण लावत होती आणि मान वर करायला तयार नव्हती.